खानदेशात इंग्रजी शिकवायला निघालेल्या ख्रिस्ती शिक्षकासाठी

इंग्रजीचे नवे ख्रिस्ती शिक्षक भेटले की हमखास विचारतात, "मॅडम, तासाला बायबलचं वचन कधी घ्यायचं?" नवापूरकडच्या आश्रमशाळेत लागलेला विचारतो, भुसावळच्या इंग्रजी माध्यमात लागलेलीही विचारते. घ्यायचंच नाही, असं सांगितलं की दोघांचेही चेहरे पडतात. पण उदाहरणाच्या वाक्यात दाविदाचं नाव घातलं म्हणून भूतकाळ काही ख्रिस्ती होत नाही. पोरांच्या बोलीला तुम्ही कसं वागवता, वही कशी तपासता, स्वतःला टोचणारं पुस्तक किती सरळपणे वाचता, यात तुमचा विश्वास दिसतो. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतले वर्ग डोळ्यांसमोर ठेवून, कामाच्या क्रमाने सांगते.

रुजू होण्याआधी हद्द समजून घ्या

नेमणूकपत्र हातात आलं की संस्था कोणत्या प्रकारची आहे ते आधी बघा. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असं राज्यघटनेचं कलम २८ सांगतं. शासकीय आश्रमशाळा त्यात आलीच. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसायची सक्ती कोणावर करता येत नाही. विद्यार्थी अठरा वर्षांखालचा असेल तर पालकांची संमती लागते. कलम ३० प्रमाणे अल्पसंख्याकांना आपली शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क आहे. पण तिथेही इंग्रजीचा तास इंग्रजीचाच असतो. परिपाठाला प्रार्थना झालेली असते, तासात दुसरी घुसवू नका.

मला याची कधी अडचण वाटली नाही. प्रार्थना करायची तर वर्गात शिरण्यापूर्वी, हजेरीपटावरच्या नावांवरून बोट फिरवत मनात करा.

पहिला आठवडा: बोलींची यादी

पुस्तक दोन दिवस उशिरा उघडलं तरी चालेल. हजेरी घेताना प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: घरी आजीशी कशात बोलतोस? धुळे-अमळनेर पट्ट्यात अहिराणी येईल, यावल-रावेरकडे लेवा गणबोली आणि तडवी, शहाद्याकडे गुजरी, सातपुड्याच्या बाजूला पावरी आणि भिली, नवापूरकडे मावची. भुसावळला रेल्वेमुळे आणखी चार भाषा निघतील. हे सगळं हजेरीच्या मागच्या पानावर नावासमोर लिहून ठेवा. धडगावच्या डोंगरातून आलेल्या पोराला पुस्तकी मराठीच परकी असते, इंग्रजी त्याची तिसरी किंवा चौथी भाषा. मराठीत अर्थ सांगितला म्हणजे वर्गाला कळलं, हा समज पहिल्या दिवशीच सोडा.

त्याच यादीत आणखी एक रकाना करा: दिवाळीनंतर कोण नसणार? नंदुरबार-धुळ्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातकडे जातात आणि होळीच्या सुमारास परततात. म्हणून एकात एक गुंतलेले घटक दिवाळीआधी उरका. नंतरचा प्रत्येक धडा असा बेता की मधूनच आलेल्या पोरालाही त्या दिवशीचं त्या दिवशी काहीतरी हाती लागेल.

बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या १९व्या अध्यायात परक्याला आपल्यातल्यासारखं वागवायला सांगितलं आहे, कारण मिसर देशात तुम्हीही परके होता. वर्गात परकं कोण, ते या यादीवरून कळतं. कधी कधी ते तुम्हीच असता, पुण्याहून किंवा नगरहून आलेले. तसं असेल तर दहा-बारा वाक्यं अहिराणी शिकून घ्या. "तुनं नाव काय शे?" असं विचारलं की पोरं खिदळतील. खिदळू द्या; दुसरी भाषा बोलताना माणूस कसा अडखळतो हे त्यांना शिक्षकाकडून बघायला मिळतं, आणि मग त्यांचीही जीभ सैल होते.

उच्चार: पेत्राची बाजू घ्या

इथे थोडं थांबते, कारण खानदेशातल्या पोरांचं इंग्रजी बहुतेक वेळा मोडतं ते इथेच. आठवीतलं एखादं पोर उठून वाचतं, "शिप" ऐवजी "सिप" म्हणतं, मागच्या बाकावर हसू फुटतं, शिक्षकही मिशीत हसतात. ते पोर त्यानंतर दहावीपर्यंत तोंड उघडत नाही.

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २६व्या अध्यायात महायाजकाच्या अंगणात येशूचा शिष्य पेत्र ओळखला जातो तो बोलण्यावरून. तू गालीलचाच, तुझ्या बोलीवरूनच कळतं, असं आसपासचे लोक त्याला म्हणतात. यरुशलेमच्या लोकांना गालीलचा हेल खेडवळ वाटायचा, आणि येशू स्वतः त्याच मुलखात वाढलेला. शास्ते या पुस्तकाच्या १२व्या अध्यायातली गोष्ट तर भयंकरच आहे. यार्देन नदीच्या उताराशी गिलादी माणसं उभी राहिली आणि पलीकडे जाणाऱ्या प्रत्येकाला "शिब्बोलेथ" म्हणायला लावलं. एफ्राइमच्या लोकांना "श" जमेना, ते "सिब्बोलेथ" म्हणत. तिथं बेचाळीस हजार माणसं मारली गेल्याचं लिहिलं आहे. एका "श" साठी. ख्रिस्ती शिक्षकाने "स" आणि "श" वरून पोराला हसण्याआधी हा अध्याय एकदा घरी वाचावा.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. पोर मोठ्याने वाचत असताना मध्ये अडवू नका. चुकलेले शब्द आपल्या वहीत टिपा, परिच्छेद संपू द्या, मग कोणाचंही नाव न घेता त्यातले दोनच शब्द फळ्यावर लिहून सगळ्या वर्गाकडून म्हणून घ्या. "सिप" आणि "शिप" शेजारी लिहा आणि जिभेचं टोक कुठे जातं ते दाखवा. "व्ही" ला वरचे दात खालच्या ओठावर, "डब्ल्यू" ला ओठांचा चंबू; हे शब्दांत सांगण्यापेक्षा खिशातला छोटा आरसा फिरवलेला बरा. रोज पाच मिनिटं, त्याहून जास्त नको. आणि एक गंमत वर्गाला जरूर सांगा: अहिराणी बोलणाऱ्या ज्या पोरांना मराठीच्या तासाला "डोळा" ऐवजी "डोया" म्हटल्याबद्दल टोमणे बसतात, त्यांचं इंग्रजीत काहीच अडत नाही, कारण इंग्रजीत "ळ" नाहीच.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. पण कायदा नसता तरी उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे असं मानणाऱ्याला पोराच्या तोंडाला हसायची मुभा नव्हतीच.

पोरांना हेही कळू द्या की इंग्रजी काही जन्मतः साहेबी नव्हती. पाचशे वर्षांपूर्वी विद्वानांची आणि चर्चची भाषा लॅटिन होती, इंग्रजी रोजच्या व्यवहाराची. विल्यम टिंडेलने १५२६ साली नवा करार इंग्रजीत छापला, तो चोरून इंग्लंडमध्ये न्यावा लागला, आणि १५३६ साली त्याला मारण्यात आलं. नांगर धरणाऱ्या पोरालाही शास्त्र कळलं पाहिजे, असं तो म्हणाल्याचं सांगतात. १६११ च्या अधिकृत भाषांतरात त्याची वाक्यंच्या वाक्यं तशीच राहिली आणि तीच पुढे इंग्रजी गद्याचा कणा झाली. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, हे ज्या पोरांना ठाऊक आहे त्यांना टिंडेल लगेच कळतो.

व्याकरण बोलीवर उभं करा

फार बोलत नाही, एकच नमुना देते. साधा वर्तमान आणि चालू वर्तमान यांत पोरं कायम घोटाळा करतात. अहिराणी पोराच्या तोंडात हा फरक आधीच बसलेला आहे: "तो जास" आणि "तो जाई राहिना". फळ्यावर दोन्ही लिहा, समोर "ही गोज" आणि "ही इज गोइंग" लिहा, मग पोरांकडूनच आणखी जोड्या मागवा. पावरी किंवा मावची बोलणारी पोरं असतील तर त्यांच्या जोड्या त्यांनीच आणायच्या. तुम्हाला त्या बोली येत नसल्या तरी बिघडत नाही. आज्ञार्थासाठी कळण्याची भाकरी किंवा वांग्याचं भरीत कसं करायचं ते लिहायला सांगा. "वॉश", "रोस्ट", "पील", "मॅश" ही क्रियापदं त्या दिवसानंतर विसरली जात नाहीत. निबंधाला सारंगखेड्याची यात्रा, आखाजीचा झोका, भोंगऱ्याचा बाजार. हे विषय तुमच्या सणाचे नाहीत म्हणून वगळलेत, तर नाताळवर निबंध लिहायला सांगायचा अधिकारही गमावून बसाल.

साहित्याचा तास: एक सुनीत, दोन दाखले

बायबल ठाऊक असणं हे तुमचं भांडवल खरोखर उपयोगी पडतं ते साहित्यात. इंग्रजी कविता बायबलच्या संदर्भांनी भरलेली आहे आणि बहुतेक गाईड ते संदर्भ एका ओळीत उरकतात. ते उलगडून सांगणं हे साधं, प्रामाणिक अध्यापन आहे. मेघदूत शिकवताना अलकानगरी समजावून सांगणाऱ्यावर कोणी धर्मप्रसाराचा आळ घेत नाही, तसंच हे.

मिल्टनचं आंधळेपणावरचं सुनीत घ्या. प्रथम वर्षाला किंवा बारावीच्या हुशार तुकडीला दोन तास पुरतात.

कविता वाचण्याआधी फळ्यावर लिहा: एक तालांत म्हणजे सहा हजार दिनार, एक दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. मग विचारा, तुमच्या गावात शेतमजुरीचा रोज काय चाललाय? पोरं आकडे सांगतील, त्यावरून वादही घालतील. तीनशे धरले तर एक तालांत झाला १८ लाखांचा. वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तर वीस वर्षांची मजुरी. एवढी रक्कम मालक नोकराच्या हाती ठेवून परदेशी गेला, हे कळल्यावर वर्ग गप्प होतो. आता मत्तयच्या २५व्या अध्यायातला दाखला गोष्टीसारखा सांगा. एकाला पाच, एकाला दोन, एकाला एक. पहिल्या दोघांनी दुप्पट केले, तिसऱ्याने भीतीपोटी जमिनीत पुरून ठेवला आणि मालक आल्यावर होता तसा परत केला. तात्पर्य सांगू नका. गोष्ट इथेच सोडून द्या.

मग मिल्टनचं थोडक्यात सांगा: १६०८ चा जन्म, १६५२ पर्यंत दृष्टी पूर्ण गेलेली, आणि ज्या महाकाव्यासाठी जग त्याला ओळखतं ते १६६७ साली छापून यायचं अजून बाकी. आता सुनीत दोनदा वाचा, एकदा तुम्ही, एकदा एखाद्या विद्यार्थिनीने. "टॅलंट" हा शब्द सापडला की बोट ठेवायला सांगा. अंगातलं कसब या अर्थाने हा शब्द इंग्रजीत रुळला तो याच दाखल्यामुळे, आणि मिल्टन दोन्ही अर्थ एकदम वापरतो आहे. त्याला भीती आहे ती तिसरा नोकर ठरण्याची. ज्याला दाखला माहीत नाही त्याला ही भीती दिसतच नाही. त्याला फक्त एक दुःखी आंधळा कवी दिसतो.

खरा तास सुरू होतो शेवटच्या ओळीपाशी. जे नुसते उभे राहून वाट पाहतात तेही सेवाच करतात, असं कविता म्हणते. हे पटतं का, असं विचारा आणि खुर्चीत बसून घ्या. कोणीतरी म्हणेलच: चौकात मजूर अड्ड्यावर सकाळपासून उभा राहिलेल्याला कोण पैसे देतं? हा प्रश्न आला की तास सार्थकी लागला. उत्तर देण्याची घाई करू नका. वाटलंच तर मत्तयच्या २०व्या अध्यायाकडे बोट दाखवा: द्राक्षमळ्याचा मालक संध्याकाळ होत आल्यावर बाजारात जातो, तिथे उभ्या असलेल्यांना विचारतो, दिवसभर रिकामे का उभे आहात? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर घेतलंच नाही. तो त्यांनाही पूर्ण रोज देतो आणि सकाळपासून राबलेले कुरकुरतात. मिल्टनच्या डोक्यात हा दाखला होता की नव्हता यावर वर्गाला भांडू द्या. ज्यांना कविता पटली नाही त्यांनी तसं लिहावं, कारणासकट. गुण कमी होणार नाहीत हे आधीच जाहीर करा आणि नंतर खरोखर कमी करू नका.

परीक्षेच्या दृष्टीने एक सूचना. तुमच्या वर्गातली ख्रिस्ती पोरं उत्तरात प्रवचन लिहितात, संडे स्कूलची सवय. दाखला या कवितेत काय काम करतो, एवढंच लिहायला शिकवा. त्यांना "तुला तर माहीतच असेल" म्हणून उभं करणंही टाळा. काहींना माहीत नसतं, आणि काहींना चारचौघांत ख्रिस्ती म्हणून उठून दिसायचं नसतं.

याच पद्धतीने शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस' नाटकातलं पोर्शियाचं दयेवरचं भाषण घेता येईल. पण तिथे शायलॉक या ज्यू सावकाराला ख्रिस्ती माणसं कशी वागवतात, त्याला शेवटी धर्म बदलायला कसं भाग पाडतात, ते झाकू नका. पोर्शियाच्या तोंडी दया आहे आणि निकालात ती फारशी दिसत नाही. हे पोरांच्या लक्षात यायला हवं, आणि ते ख्रिस्ती शिक्षकाने दाखवलं तर जास्त चांगलं.

टोचणारं पुस्तक आधी वाचा

पदवी किंवा पदव्युत्तर वर्गाला चिनुआ अचेबेची १९५८ ची पहिली कादंबरी 'थिंग्ज फॉल अपार्ट' शिकवायची वेळ आली तर ती टाळू नका, उरकूही नका. नायजेरियातल्या इग्बो गावात मिशनरी येतात आणि गाव दुभंगतं. अचेबेचे वडील स्वतः चर्चचे काम करणारे, त्यामुळे तो बाहेरून दगड मारत नाही. कादंबरीचा नायक ओकोन्क्वो, त्याचा मुलगा न्वोये नव्या धर्माकडे वळतो तो तत्त्वज्ञान पटलं म्हणून वळत नाही. जंगलात टाकून दिलेली जुळी मुलं आणि मारला गेलेला मित्र त्याच्या मनात खुपत असतात, आणि त्या खुपण्याला एका गीतात उत्तर सापडल्यासारखं त्याला वाटतं. मिशनरीही दोन तऱ्हांचे: एक गावाशी बसून बोलणारा, दुसरा कोणाचंच न ऐकणारा.

अक्कलकुवा, नवापूरकडच्या वर्गात हे आफ्रिकेतलं राहत नाही. एकाच कुळातली एक शाखा चर्चला जाते, दुसरी आदिवासींच्या याहामोगी देवीला मानते, आणि दोन्हीकडची पोरं एकाच बाकावर बसलेली असतात. इथे मिशनचं वकीलपत्र घेऊ नका. शाळा-दवाखान्यांचे दाखले देत बसलात तर वर्ग ओळखतो की मॅडम आता पुस्तक शिकवत नाहीत. उलट मुद्दाम सगळ्यावर टीका करून आपण किती मोकळे हे दाखवायलाही जाऊ नका. पुस्तकात काय आहे तेवढं वाचा: न्वोयेचा आनंद खरा आहे आणि त्याच्या बापाचं तुटणंही खरं आहे. दोन्ही बाजूंची पोरं बोलली आणि कोणी रडकुंडीला येऊन बाहेर गेलं नाही, तर तास चांगला झाला.

वही, गाईड आणि कॉपी

खोटी साक्ष देऊ नको, या आज्ञेचा इंग्रजीच्या शिक्षकाशी रोजचा संबंध आहे. गाईडमधला "माय फेव्हरिट टीचर" चाळीस वह्यांत एकसारखा येतो आणि आपण चाळीस वेळा "गुड" लिहितो. ती आपली खोटी साक्ष. आता फोनवरून आयता निबंध मिळतो, तर प्रश्न अधिकच वाढला. उपाय जुनाच आहे: निबंध वर्गात, हाताने, आठ ओळींचा. चुकांनी भरलेल्या स्वतःच्या आठ ओळींना आयत्या दोन पानांपेक्षा जास्त गुण द्या आणि ते का दिले हे वर्गात सांगा.

सगळ्या चुका लाल करू नका. एका वेळी एकाच प्रकारची चूक धरा, या आठवड्यात फक्त क्रियापद, पुढच्या आठवड्यात फक्त आर्टिकल. शेवटी एक वाक्य त्याने काय म्हटलंय त्याला उत्तर म्हणून लिहा. "तुझ्या बैलाचं पुढे काय झालं?" एवढं इंग्रजीत विचारलंत तरी पुढच्या वेळी पोर दोन ओळी जास्त लिहितं.

दहावी-बारावीच्या परीक्षेला कॉपी पुरवण्याचा आग्रह वरून होईल, निकालाची टक्केवारी पुढे केली जाईल. नाही म्हणा, पण त्याची तयारी जूनपासून हवी. नापास होण्याच्या बेतात असलेल्यांना पत्र, संवाद, उताऱ्यावरचे प्रश्न एवढंच पक्कं करून घेतलंत तर मार्चमध्ये तुमच्या नकाराला वजन राहतं.

मराठी कपाट

इंग्रजीच्या शिक्षकाने मराठी वाचलंच पाहिजे, आणि ख्रिस्ती शिक्षकाला तर घरचाच वारसा आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा मूळचा इंग्रज, गोव्यात येऊन मराठी शिकला आणि त्याने ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ साली छापलं गेलं. इंग्रजी शिकवणाऱ्याने आधी दुसऱ्याची भाषा किती खोलवर शिकावी याचा दाखला म्हणून तो पुरे. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग भाषांतराच्या सरावाला उत्तम. दोन ओळी फळ्यावर लिहा, चार गट करा, चार इंग्रजी भाषांतरं होतील आणि कोणतं का बरं यावर अर्धा तास जाईल. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' स्वतःसाठी वाचा. धरणगावचे ठोमरे, म्हणजे बालकवी, टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले होते, ते त्यात भेटतात. भादलीच्या स्टेशनाजवळ १९१८ साली त्यांचा रेल्वेखाली अंत झाला. जळगाव-भुसावळ अपडाऊन करणारी तुमची पोरं रोज तिथून जातात.

स्टाफरूम आणि पालक

"तुम्ही पोरांना बाटवता का हो?" हा प्रश्न कधी चेष्टेत, कधी खरंच विचारला जाईल. रागावू नका, लांबलचक खुलासेही नकोत. टाचणवही वेळच्या वेळी भरा, बायबलचा संदर्भ कोणत्या कवितेसाठी घेतला ते त्यात स्पष्ट लिहा, मुख्याध्यापकांची सही घेत चला. विचारणाऱ्या पालकाला तासाला मागच्या बाकावर येऊन बसायचं आमंत्रण द्या, मुख्याध्यापकांना कळवून. विद्यार्थ्याने स्वतः तुमच्या विश्वासाबद्दल विचारलं तर दोन वाक्यांत खरं उत्तर द्या आणि पुन्हा धड्याकडे वळा; शाळेबाहेर त्याला उपासनेला बोलावू नका, बायबल भेट देऊ नका, गुणांशी किंवा शिकवणीशी तर कशाचाच संबंध जोडू नका. रविवारी मंडळीत भेटणाऱ्या पोरांना सोमवारी वर्गात जास्त ओळख दाखवू नका, बाकीच्यांना ते लगेच दिसतं. आणि पाळकांनी "आपल्या मुलांकडे जरा लक्ष असू द्या" म्हटलं, तर हो म्हणा आणि साठही जणांकडे सारखंच लक्ष द्या.